आधी भीती सांगा

मला सरांचा हेवा वाटायचा, हे सुरुवातीलाच लिहून टाकते. दिवसाच्या यादीत नावडतं काम पहिल्या क्रमांकावर ठेवायचं आणि आधी उरकायचं, ही माझी जुनी सवय. हे त्यातलंच एक. आता बाकीचं निवांत लिहिता येईल.

हेवा वाटावा असं त्यांच्याकडे होतं तरी काय? करकरणारी चामडी चप्पल, खांद्याला झोळी आणि झोळीत स्टँड मोडलेला पृथ्वीगोल. शर्टाच्या खिशावर कायम खडूची पूड. लग्न केलेलं नव्हतं, दुचाकी घेतलेली नव्हती. कसबा पेठेतून कर्वेनगरपर्यंत रोज चालत यायचे. "सर, बस का नाही घेत?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "बसशी माझे राजनैतिक संबंध तुटलेत. तिनं थांब्यावर थांबण्याचा करार पाळला नाही."

कर्वेनगरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही दोघं बारावीला इतिहास शिकवायचो. अ तुकडी त्यांची, ब तुकडी माझी. मध्ये एक भिंत, आणि ती पातळ. मी फळ्यावर पहिल्या महायुद्धाची कारणं क्रमवार लिहून देत असायचे आणि पलीकडून बाकं सरकल्याचा, आरडाओरडीचा आणि मग एकदम पिकलेल्या हशाचा आवाज यायचा. माझ्या वर्गातली मुलं लिहिता लिहिता भिंतीकडे बघायची. मी म्हणायचे, "चौथं कारण लिहा." ती लिहायची. पण भिंतीकडे बघत.

भिंतीपलीकडचा प्रकार असा होता. जूनमध्ये पहिल्याच तासाला सर प्रत्येकाला एकेक देश वाटून द्यायचे. निवड मुलांची नाही, त्यांची. एकेका मुलाकडे चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "तू ऑस्ट्रिया-हंगेरी. खूप जण घरात घेऊन बसलायस, एकालाही आवर घालता येत नाही." सर्वांत बडबड्या मुलाला स्वित्झर्लंड. जो तासातासाला बाक बदलायचा, त्याला इटली. "का सर?" असं त्यानं विचारलं की म्हणायचे, "डिसेंबरात कळेल." डिसेंबरात कळायचं, की इटली एका गटाशी तह करून बसते आणि युद्धात उतरते ती दुसऱ्याच गटाकडून. वर्ग हसायचा आणि त्या मुलाला इटली जन्मभर चिकटायची.

एका वर्षी अकोल्याहून एक मुलगी आली होती. वसतिगृहात राहायची, आपल्या बोलण्याला पुण्याची मुलं हसतील या धास्तीनं तोंड उघडायची नाही. सरांनी तिला जर्मनी दिला. स्टाफरूममध्ये मी म्हटलं, "सर, ती हजेरीला 'येस' म्हणताना घाबरते." ते म्हणाले, "तोच तर जर्मनी. दोन्ही बाजूंनी वेढलोय असं ज्याला वाटतं तो." दिवाळीपर्यंत ती मुलगी कँटीनमध्ये शेजारणीला बजावत होती, "माह्या सीमेवर डबा नको ठेवू!"

वर्गात एक शब्द बंद होता: दुष्ट. अमका देश दुष्ट होता, असं जो म्हणेल त्यानं पुढचा अख्खा तास त्या देशाच्या बाजूनं बोलायचं. आणि उत्तराची सुरुवात सनावळीनं करायची नाही. कुणी "एकोणीसशे चौदा साली" म्हणून सुरू केलं, की सर हात वर करायचे. "आधी भीती सांग. तारीख नंतर." रशियाला कशाची भीती? फ्रान्सला रात्री झोप का लागत नाही? ब्रिटनला दुसऱ्याचं आरमार बघून पोटात का ढवळतं? हे सांगता आलं, तर ते तारखा स्वतः सांगायचे. फळ्यावर लिहूनही द्यायचे, आणि त्यातली एखादी चुकायची.

त्यांच्या वर्गात दोन नकाशे शेजारी शेजारी टांगलेले होते. एक आजचा. दुसऱ्यावर अजून सोव्हिएत संघ होता, लालभडक, अर्धी भिंत व्यापून. प्राचार्यांनी पाहणीत विचारलं, "हा जुना नकाशा अजून कशाला?"

"जुना नाही, खोटा ठरलेला आहे," सर म्हणाले. "मुलांना खोटे ठरलेले नकाशे दाखवावेत. नाहीतर नवा खरा वाटायला लागतो."

प्राचार्य पुढे माझ्या वर्गात आले. माझे नकाशे अद्ययावत होते, कडेला कापडी पट्टी लावलेले. "छान," एवढंच म्हणाले. त्या जुन्या नकाशाचा किस्सा मात्र त्यांनी पुढे प्रत्येक सभेत सांगितला.

अभ्यासक्रमाबाबत मी कुणाचं ऐकून घेणार नाही. माझा नोव्हेंबरअखेर संपलेला असायचा, मग उजळणी, मग सराव परीक्षा. सर तोवर पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर, सारायेव्होच्या रस्त्यावर, राजपुत्रावरची गोळी अजून झाडली जायचीच असायची. जानेवारीत ते एकदम सुटायचे. दुसरं महायुद्ध, शीतयुद्ध, अण्वस्त्रं, सगळं धडाधड. "भीती सगळ्या तुमच्या ओळखीच्या झाल्यात," मुलांना सांगायचे, "आता फक्त देशांची नावं बदलत जा." निकाल लागला की मी दोन्ही तुकड्यांचे गुण शेजारी शेजारी मांडून बघायचे. फारसा फरक नसायचा. ते मागे असते तर मी त्यांची कीव केली असती, पुढे असते तर आदर. बरोबरीचं काय करायचं असतं?

स्टाफरूममधल्या पंख्याचं तर सांगायलाच हवं. अर्थशास्त्राच्या मॅडमना पंखा चालू लागायचा आणि भूगोलाच्या सरांना बंद. दोघांत बोलणं थांबलेलं. मी वेळापत्रक करून बोर्डावर लावलं: कोणत्या तासाला पंखा चालू, कोणत्या तासाला बंद. दोघांनी ते वाचलं आणि दोघं माझ्यावर रागावले. मग सरांनी दोघांना चहा पाजला आणि वेगवेगळं विचारलं, तुम्हाला भीती कसली? मॅडम म्हणाल्या, घाम फुटला की मागे एकदा चक्कर आली होती तसं होईल. भूगोलाचे सर म्हणाले, घसा बसला तर शिकवायचं कसं. पंख्याबद्दल कुणीच काही म्हणालं नाही. सरांनी दोघांच्या खुर्च्यांची अदलाबदल केली, पंख्याखालची मॅडमना, कोपऱ्यातली भूगोलाच्या सरांना, आणि भांडण मिटलं. माझं वेळापत्रक बोर्डावरून काढलं कुणी, ते मला अजून कळलेलं नाही.

आमची ऋता बारावीला आमच्याच महाविद्यालयात आली. अर्थातच ब तुकडीत. महिन्याभरात एका संध्याकाळी मटार सोलता सोलता म्हणाली, "आई, मी अ तुकडीत जाऊ?"

"का?"

"तिथे भांडता येतं."

"घरी येत नाही?"

"घरी तूच जिंकतेस."

अर्ज तिनं आधीच लिहून ठेवला होता, सुटसुटीत, परिच्छेद पाडून. लिहायची पद्धत माझीच होती. मी सही केली.

तिला बेल्जियम मिळाला. दोन मोठ्या राष्ट्रांच्या मध्ये सापडलेला लहान देश. सगळ्या मोठ्यांनी त्याच्या तटस्थतेची हमी दिलेली. त्या दिवसापासून आमच्या घरात बेल्जियम राहायला आला. तिच्या बाबांचा आणि माझा कशावरून वाद झाला की ती ताट उचलून बाहेर जायची. "मी तटस्थ आहे." आणि दर दोन वाक्यांमागे 'सर म्हणतात'. सर म्हणतात, आपण शस्त्रं वाढवली की शेजारी घाबरतो, तो घाबरून वाढवतो, की आपण म्हणतो, बघा, म्हणूनच आपण वाढवली. सर म्हणतात, बातम्यांत कोण काय बोललं ते ऐकू नये, कोण गप्प आहे ते बघावं. टीव्हीवर दोन महासत्तांचे नेते हात मिळवताना दिसले की ही म्हणायची, "सर म्हणतात, हाताकडे नाही, पायाकडे बघा. कुठल्या दिशेला वळलेत?"

सतरा वर्षं मी तिला काय कमी सांगितलं होतं? घर कसं चालतं, वेळ कशी पाळायची, वचन देताना काय विचारायचं. रविवारी सकाळी आमच्याकडे आठवड्याच्या कामांची बैठक असते. प्रत्येक कामाला माझे तीन प्रश्न ठरलेले: कोण करणार? कधीपर्यंत? आणि नाही झालं तर? ती या प्रश्नांवर वाढली. पण 'आई म्हणते' असं तिनं कधी कुणासमोर म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला तेवढंच हवं होतं. एकदा, चारचौघांत, 'आई म्हणते'.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. कसब्यात तांब्याच्या भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या. खालून हातोड्यांची ठोकठोक सतत. मला बघून त्यांना आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली.

"बसा मॅडम. हा आवाज चालू राहील हां. शांततेच्या काळात असाच येतो. भेट अधिकृत की खाजगी?"

"सर, ऋताला परत ब तुकडीत पाठवा."

"ही मागणी झाली," ते म्हणाले आणि स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं.

"तुमचा अभ्यासक्रम वेळेत होत नाही. तिचं वर्ष महत्त्वाचं आहे."

"हा आरोप झाला. खराही आहे. साखर किती?"

"अर्धा चमचा. सर, मी गंभीरपणे बोलतेय."

"मीही. मागणी कळली, आरोप कळला. आता भीती सांगा."

"मला कसलीही भीती नाही."

"असं प्रत्येक राष्ट्र म्हणतं," ते आलं किसता किसता म्हणाले, "आणि मग सैन्य हलवतं. तुम्ही तर थेट कर्वेनगरहून कसब्यात आलात."

 खाली हातोडे वाजत राहिले. 'ती तुमचं ऐकते आणि माझं ऐकत नाही' हे वाक्य माझ्याकडे तयार होतं, पण ते त्या खोलीत, त्या माणसासमोर, स्टोव्हवरच्या चहाकडे बघत म्हणणं मला जमलं नाही. त्यांनी वाट पाहिली. मग कप पुढे केला. "नका सांगू. पण तुमच्या मुलीला मी पाठवणार नाही. बेल्जियमला कुणी इकडून तिकडे ढकलायचं नसतं, ढकललं की त्यातूनच पुढचं सगळं युद्ध होतं."

चहा उत्तम होता. त्याचाही राग आला. आम्ही घरी इतक्या वर्षांत असा चहा केला नसेल.

डिसेंबरात त्यांच्या वर्गाची परिषद भरायची. सगळे देश मोठ्या सभागृहात गोल बसायचे आणि युद्ध टाळता येतं का ते बघायचे. दर वर्षी टळायचं नाही. त्या वर्षी माझ्या वर्गानंही 'मॅडम, आम्ही बघायला जाऊ?' म्हणून पिच्छा पुरवला. मी नेलं आणि मागे दाराशी उभी राहिले.

भाषणं झाली. ब्रिटन झालेला मुलगा फारच छान बोलला. बेल्जियमची तटस्थता हा आमच्या इभ्रतीचा प्रश्न आहे, बेल्जियमच्या केसाला धक्का लागला तर जग बघेल, वगैरे. टाळ्या पडल्या. मग ऋता उठली. हातात कागद नव्हता.

"हमीबद्दल आभार," ती म्हणाली. "माझ्यावर हल्ला झाला तर कोण येणार? नाव सांगा."

"आम्ही येऊ," ब्रिटन म्हणाला.

"कधीपर्यंत?"

"म्हणजे... लवकरात लवकर."

"लवकरात लवकर हा दिवस कुठल्या वारी येतो? आणि नाही आलात तर?"

ब्रिटननं फ्रान्सकडे पाहिलं, फ्रान्सनं छताकडे. शेवटी ब्रिटन म्हणाला, "ते परिस्थिती बघून ठरवू."

"मग जर्मनीलासुद्धा हेच कळलं असणार," ऋता म्हणाली, "की तुम्ही परिस्थिती बघून ठरवणार आहात." आणि खाली बसली.

 सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. "हे प्रश्न कुठून आणलेस?"

"घरून."

सगळे हसले. तिनं दाराकडे पाहिलंही नाही. पण घरून म्हणाली होती. 'आई म्हणते' नव्हतं ते, तरी त्याच्या अगदी शेजारचं होतं. त्या संध्याकाळी मी कारण नसताना श्रीखंड आणलं.

दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाशी आले. ते कुणाच्या टेबलाशी जात नसत, लोक त्यांच्याकडे जात.

"मॅडम, परिषद इतकी वर्षं भरवतोय. तो प्रश्न मला कधी सुचला नाही."

मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "सर, आज तुम्ही सैन्य हलवलंत. भीती सांगा."

ते हसले नाहीत. शेजारची खुर्ची ओढून बसले. "मुलं मला लक्षात ठेवतात. चप्पल, झोळी, नकाशा, सगळं. पण विषय विसरतात. भेटायला आली की माझ्या नकला करून दाखवतात, इतिहासाचं एक अक्षर सांगत नाहीत. तुमच्या वर्गात उलटं आहे. मुलांना तुम्ही आठवत नाही, पण शिकवलेलं हाडात राहतं. मला तुमचा हेवा वाटतो, मॅडम. फार वर्षांपासून."

हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं. मनापासून सांगितलं, त्यांचा आवाज बदलला होता. मला मात्र एवढंच कळलं, की मुलांना मी आठवत नाही.

उठताना म्हणाले, "ते तीन प्रश्न मी पुढच्या वर्षीपासून वर्गात वापरले तर चालेल?"

"वापरा की," मी म्हटलं.

एवढंच. करार तोंडी झाला. कुणाच्या नावानं वापरणार, हे मी विचारलं नाही. घरी मटार आणायच्या कामालासुद्धा तीन प्रश्न विचारणारी मी, एकही विचारला नाही.

सर निवृत्तीनंतर विश्रांतवाडीला भाचीकडे राहायला गेले आणि तिथेच गेले. शोकसभा महाविद्यालयात ठेवायची ठरली आणि व्यवस्था, नेहमीप्रमाणे, माझ्याकडे आली. मी खुर्च्यांच्या रांगा लावल्या, प्रत्येक रांगेला बॅचच्या वर्षाची पट्टी चिकटवली, पाणी, माईक, फोटो, हार, सगळं वेळेत. लोक आले आणि माझ्या पट्ट्यांकडे कुणी बघितलंही नाही. ते देशांप्रमाणे बसले. एका रांगेत सगळे सर्बिया: एक बँकेतला अधिकारी, एक तान्हं बाळ घेऊन आलेली, एक आयटीतला, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र. मागे सगळे रशिया, जागा पुरेना म्हणून पसरलेले. "तू कुठल्या साली?" असं कुणी कुणाला विचारत नव्हतं. "तू कोण?" "ऑटोमन." "अरे, ये ये, युरोपच्या आजारी माणसाला खुर्ची द्या!" शोकसभेत सीमेवरून भांडणं चालली होती. माणूस गेल्यावरसुद्धा त्याच्या वर्गातला गोंगाट माझ्या वर्गापेक्षा जास्त होता.

ऋता दिल्लीहून आली होती. ती आता हेच काम करते, परराष्ट्र धोरणाचं. तिला बेल्जियमच्या रांगेत जागा धरून ठेवलेली होती. मी दाराशी, माझ्या नेहमीच्या जागी.

भाषणं झाली. सरांच्या नावानं काहीतरी व्हायला हवं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कुणी म्हणालं वाचनालय, कुणी व्याख्यानमाला, कुणी दर वर्षी परिषद. प्रत्येक सूचनेला टाळ्या. तेवढ्यात बेल्जियमच्या रांगेतून ऋता उठली आणि माईकपाशी गेली.

"कोण करणार?" ती म्हणाली. "कधीपर्यंत? आणि नाही झालं तर?"

सगळं सभागृह हसलं. मग टाळ्या, शिट्या. "सरांचं वाक्य!" कुणीतरी ओरडलं. धाकट्या बॅचची पोरं एका सुरात म्हणायला लागली, "कोण? कधीपर्यंत? नाही झालं तर?" त्यांना पाठ होतं. सरांनी त्यांच्या प्रत्येक बेल्जियमला ते दिलं होतं. फोटोतले सर चष्म्यावरून बघत होते.

ऋतानं हात वर केला, अगदी सरांसारखा. गोंगाट थांबेपर्यंत थांबली.

"हे सरांचं वाक्य नाही," ती म्हणाली. "सरांनी ते आमच्या घरून नेलं. आई म्हणते हे. ती दाराशी उभी आहे, तारीख तिच्याकडून घ्या. ती सोडणार नाही."

सगळी डोकी दाराकडे वळली. मी पदर सावरला. 'आई म्हणते', दोनशे माणसांसमोर म्हणाली, जास्तच असतील.

माझ्या पुढच्याच खुर्चीवर बसलेला एक गृहस्थ शेजाऱ्याकडे झुकून म्हणाला, "बघ, श्रेय कसं देऊन टाकलं. हा मोठेपणा सरांनीच शिकवलेला."

मी त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं. "तुम्ही कोणता देश?"

तो दचकून वळला. "इटली, मॅडम."

"वाटलंच," मी म्हटलं, आणि माईककडे निघाले.